भुताचे भय आणि सहीचे भय

गेल्या हिवाळ्यात आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्याचे पुस्तक सुचवायची पाळी माझी होती. मी सेरा वॉटर्स या वेल्श लेखिकेच्या 'फिंगरस्मिथ'चे नाव घेतले. लगेच एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारले, "म्हणजे तेच ना? धुके, मेणबत्त्या, पडका वाडा आणि माडीवर कोंडलेली वेडी बाई? अहो, नारायण धारपांच्या गोष्टी शाळेत असताना पांघरुणात शिरून वाचल्या, तेवढे भूत आयुष्याला पुरे की!" सगळे हसले, मीही हसले. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. दिवसभर हिशेब, इस्पितळ नाहीतर संगणक सांभाळणाऱ्या, मुलांच्या परीक्षांत आणि घराच्या हप्त्यांत बुडालेल्या आपल्यासारख्या माणसांनी राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या भयकथा आज का वाचाव्यात? वेळ घालवायला? की त्यांत आपल्यासाठीही काही आहे?

त्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. आज देण्याचा प्रयत्न करते.

प्रथम थोडी व्याख्या करून घेऊ. ज्या पुस्तकांबद्दल मी लिहिते आहे ती व्हिक्टोरियाच्या काळात लिहिलेली नाहीत. ती आपल्या हयातीत लिहिलेली आहेत. त्यांतली गोष्ट मात्र १८३७ ते १९०१ या काळात घडते. म्हणजे एका अर्थाने ऐतिहासिक कादंबऱ्याच. पण त्यांत लढाया नाहीत, राजे नाहीत. त्यांनी साचा घेतला आहे तो 'गॉथिक' कादंबरीचा: एक जुने घर, त्यातली एक बंद खोली आणि एक असे गुपित, की जे उघड झाले तर घराची अब्रू आणि मालमत्ता दोन्ही जातील.

हा साचा जन्मला कसा, ते पाहण्यासारखे आहे. १७६४ च्या नाताळात होरेस वॉल्पोल या सरदारपुत्राने 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' नावाची छोटी कादंबरी छापली. लंडनजवळ ट्विकनहॅमला स्ट्रॉबेरी हिल नावाचा त्याचा पांढराशुभ्र, कळसाकमानींचा बंगला आजही उभा आहे. पहिल्या आवृत्तीवर वॉल्पोलने स्वतःचे नाव घातलेच नाही. उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात १५२९ साली नेपल्सला छापलेले इटालियन पुस्तक सापडले आणि हा त्याचा अनुवाद आहे, असे त्याने बेधडक ठोकून दिले. पुस्तक खपल्यावर दुसऱ्या आवृत्तीत कबुली दिली आणि 'एक गॉथिक कथा' हे शब्द जोडले. म्हणजे या साहित्यप्रकाराचा पहिला पायाच मुळी एका खोट्या कागदावर उभा आहे! ही केवळ गंमत म्हणून मी सांगत नाही. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीत आहे: या कादंबऱ्यांत भूत असो वा नसो, खरे भय असते ते कागदाचे. दाखला, मृत्युपत्र, लग्नाची नोंद, डॉक्टरची सही. ज्या लेखकाला हे कळले त्याचे पुस्तक टिकते. ज्याला फक्त धुके कळले त्याचे धुक्याबरोबर विरते.

आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले उदाहरण घेऊ. सुझन हिल यांच्या १९८३ च्या 'द वुमन इन ब्लॅक' या कादंबरीचे नाटक लंडनच्या फॉर्च्यून थिएटरमध्ये १९८९ पासून मार्च २०२३ पर्यंत चालू होते. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन जाण्याचे ते एक ठरलेले ठिकाण होते. दोनच प्रमुख नट, एक पेटारा आणि अंधार एवढ्यावर अख्खे प्रेक्षागृह किंचाळत असे. पण किंकाळ्या विसरून कथानक आठवा. तरुण वकील आर्थर किप्स त्या दलदलीतल्या एकाकी घरात जातो तो कशासाठी? मेलेल्या मालकिणीचे कागद लावण्यासाठी! आणि त्या कागदांत त्याला काय सापडते? एका अविवाहित आईची पत्रे आणि तिचे मूल तिच्याच बहिणीला देऊन टाकणारे दत्तकपत्र. सगळे रीतसर, सगळे कायदेशीर. काळ्या कपड्यांतली ती बाई भूत व्हायच्या कितीतरी आधी त्या कागदाने आई म्हणून मेलेली आहे. भूत ही पुढची गोष्ट.

आता हे भय त्या काळात खरोखरच किती होते, ते पाहू. नाहीतर लेखकांनी मीठमसाला लावला असे वाटायचे.

त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेली स्त्री नवऱ्यात 'सामावलेली' असे. तिची रोकड, तिचे दागिने, तिची कमाई नवऱ्याची. श्रीमंत माहेरे लग्नाआधी वेगळे करारपत्र करून काही राखून ठेवत. बाकीच्यांना तीही सोय नव्हती. स्वतःची कमाई स्वतःकडे ठेवण्याचा हक्क १८७० च्या कायद्याने आला आणि मालमत्तेचा पुरता हक्क १८८२ च्या. दुसरी बाब वेडाची. १८४५ च्या कायद्याप्रमाणे खासगी वेड्यांच्या इस्पितळात कोणाला टाकायचे, तर नातेवाइकाची विनंती आणि स्वतंत्रपणे तपासणाऱ्या दोन डॉक्टरांचे दाखले पुरत. न्यायाधीशाचा हुकूम लागू लागला तो १८९० पासून. म्हणजे एक विनंती आणि दोन दाखले, एवढ्यावर शहाण्या बाईच्या मागे दार बंद होऊ शकत होते.

आणि होत होते. एडवर्ड बुल्वर-लिटन हा त्या काळचा गाजलेला कादंबरीकार. गूढ आणि भयाच्या कथाही त्याने लिहिल्या. १८५८ साली तो वसाहतींचा मंत्री झाला. वर्षानुवर्षे वेगळी राहणारी त्याची बायको रोझिना निवडणुकीच्या भर सभेत उभी राहिली आणि तिने नवऱ्याचे वाभाडे काढले. काही दिवसांतच तिची रवानगी वेड्यांच्या खासगी इस्पितळात झाली. वर्तमानपत्रांत ओरड झाली म्हणून ती सुमारे तीन आठवड्यांत सुटली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८५९ मध्ये, डिकन्सच्या साप्ताहिकात विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' क्रमशः सुरू झाली. तिच्यात एका श्रीमंत मुलीला तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसरीच्या नावाने इस्पितळात कोंडतात, आणि दुसरी मेल्यावर तिच्या थडग्यावर पहिलीचे नाव कोरतात. खलनायकाचे गुपित काय, तर चर्चच्या लग्ननोंदीच्या वहीत त्याने आईबापांच्या लग्नाची घुसडलेली खोटी ओळ. पुन्हा कागदच! या कादंबरीत भूत नाही. तरीही लोक रात्र रात्र जागले, कारण ते कागद त्यांच्याही घरात होते.

या पार्श्वभूमीवर २००२ सालचे 'फिंगरस्मिथ' वाचायला हवे. (ज्यांना पुस्तक स्वतः वाचायचे आहे त्यांनी पुढचे चार परिच्छेद ओलांडावेत, पुढे माझ्यावर राग नको.)

गोष्ट १८६२ च्या सुमाराची. लंडनच्या बरो भागात लँट स्ट्रीटवर चोरीचा माल पचवणारे एक घर आहे. मिसेस सक्सबी ही बाई तिथे नको असलेली तान्ही मुले पैसे घेऊन सांभाळते आणि रडली तर जिनचा थेंब पाजून निजवते. तिथेच वाढलेली सू ही निरक्षर पण चलाख मुलगी. 'जंटलमन' म्हणून ओळखला जाणारा एक भामटा बेत घेऊन येतो: खेड्यातल्या ब्रायर नावाच्या वाड्यात मॉड ही श्रीमंत पोरकी मुलगी मामाच्या धाकात राहते. लग्न झाल्याखेरीज तिला तिचा पैसा मिळत नाही. सूने तिची मोलकरीण बनून जायचे, लग्न जुळवायला मदत करायची. मग नवऱ्याने बायकोला वेडी ठरवून इस्पितळात टाकायचे आणि पैसा वाटून घ्यायचा. सू जाते आणि जिला फसवायचे तिच्याच प्रेमात पडते. तरी बेत पुढे सरकतो. डॉक्टर येतात, मालकिणीबद्दल सूला प्रश्न विचारतात, सू पढवलेली उत्तरे देते. घोडागाडी इस्पितळाच्या दारात थांबते आणि परिचारक सूलाच धरतात.

इथे पुस्तक खाली ठेवून मी मागची पाने पुन्हा उलटली, तेव्हा बाईंचे कौशल्य ध्यानात आले. सूने डॉक्टरांना खोटे सांगितले हे तर झालेच. पण तिचे प्रत्येक वाक्य तिच्याच दाखल्यावर उतरत होते आणि तिला ते कळण्याचा मार्गच नव्हता. तिला वाचता येत नव्हते. पुढे इस्पितळात ती कंठशोष करून सांगते की मी मोलकरीण आहे, मला धड लिहितादेखील येत नाही. डॉक्टर तेही आजाराचेच लक्षण समजतात: पुस्तके वाचून वाचून बिघडलेली ही श्रीमंत बाई आता अक्षरही विसरली! खरे बोलणे हाच वेडाचा पुरावा ठरतो. मला या प्रसंगाची जेवढी धास्ती वाटली तेवढी कुठल्याही पिशाच्चाची वाटलेली नाही.

दुसऱ्या भागात तीच हकीकत मॉड सांगते आणि दुसरे टोक दिसते. मॉडला वाचता येते. तेच तिचे बंधन आहे. मामा अश्लील पुस्तकांची सूची तयार करणारा विद्वान. त्याने भाचीला लहानपणापासून हातमोजे घालून ती पुस्तके उतरवून काढायला आणि जमलेल्या सद्गृहस्थांपुढे मोठ्याने वाचायला लावले आहे. एक मुलगी निरक्षर म्हणून कोंडली जाते, दुसरी साक्षर म्हणून. शिक्षण झाले की बाई सुटली, असे सरळ गणित आपण मांडतो. वॉटर्स ते मांडू देत नाहीत. अक्षर कोणाच्या हुकमात आहे, हा त्यांचा प्रश्न आहे.

दोष नाही असे नाही. शेवटच्या भागात एका मोहरबंद पत्रावर आणि जन्माच्या अदलाबदलीवर फार भार पडतो. योगायोगांची साखळी जरा ताणल्यासारखी वाटते. कॉलिन्सच्या वाचकांना ते चालत असे, आजच्याने किंचित भुवया उंचावाव्यात. पण तिथेही बाई आपला धागा सोडत नाहीत. सूच्या जन्माचे सत्य ज्या पत्रात आहे ते पत्र तिच्या हाती येते आणि ते वाचून घ्यायला तिला दुसऱ्याकडे जावे लागते. अखेरीस त्या दोघी पुन्हा भेटतात, तेव्हा एकीने लिहिलेले शब्द ती दुसरीला एकेक करून दाखवते. एवढ्या कारस्थानानंतर पुस्तक संपते ते कोणी कोणाला वाचून दाखवण्यावर. यापेक्षा योग्य शेवट मला सुचत नाही.

आता आपल्यासारख्या देश सोडून आलेल्यांना जवळची अशी दोन पुस्तके. जीन ऱ्हिस यांचा जन्म १८९० चा, वेस्ट इंडीजमधल्या डोमिनिका बेटावरचा. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) माळ्यावर कोंडलेली जी वेडी बाई आहे, ती जमेकाहून लग्न करून आणलेली. ब्राँटे तिला बोलू देत नाही. ऱ्हिस यांनी १९६६ साली 'वाइड सारगॅसो सी' लिहून त्या बाईला आधीचे आयुष्य दिले. तिचे तीस हजार पौंड लग्नात नवऱ्याला मिळतात. तिच्या नावे काहीही राखलेले नाही. मग तो तिचे नावही बदलतो: आंत्वानेतची बर्था करतो. नाव गेले, पैसा गेला. मग गार देशातल्या त्या माळ्यावर उरले कोण? लग्नात नाव बदलण्याची चाल आपल्याला परकी नाही, म्हणून ते पान वाचताना मला अंमळ थांबावे लागले.

दुसरे पुस्तक मार्गारेट ॲटवुड यांचे 'एलियस ग्रेस', १९९६ चे. ग्रेस मार्क्स ही खरी व्यक्ती: आयर्लंडहून कॅनडात आलेली मोलकरीण. १८४३ साली मालक आणि त्याची घर सांभाळणारी बाई यांचे खून झाले, आणि मालकाच्या खुनात ती दोषी ठरली. बरोबरच्या नोकराला फाशी झाली, तिची शिक्षा जन्मठेपेवर आली आणि १८७२ साली तिला माफी मिळाली. तिने खून केला का? ॲटवुडबाई सांगत नाहीत. त्यांचे लक्ष वेगळीकडे आहे. कबुलीजबाब, वर्तमानपत्रे, डॉक्टरांची टिपणे या सगळ्यांत ग्रेस आहे. पण लिहिणारा हात नेहमी दुसऱ्याचा. कादंबरीतला तरुण डॉक्टर तिच्यापुढे वही घेऊन बसतो आणि ती शिवणकाम करत त्याला सांगावे तेवढेच सांगते. परक्या मुलुखात, परक्यांच्या घरात राबणारी गरीब मुलगी, आणि तिच्याकडे राखण्यासारखे एकच धन: न सांगितलेली गोष्ट.

या कादंबऱ्यांवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. आजचे विचार जुन्या झग्यात घालून फिरवायचे आणि वाचकाला वाटू द्यायचे की आपण किती सुधारलो! दुय्यम पुस्तकांत हे सर्रास आढळते. तिथली नायिका पहिल्या प्रकरणापासून आपल्याच पिढीची असते, खलनायकाच्या मिशा पाहूनच तो ओळखू येतो, आणि शेवटी आपण पुस्तक मिटून निर्धास्त झोपतो. भयकथा वाचून निर्धास्त झोप लागली तर काहीतरी चुकले. वर सांगितलेली पुस्तके तसे करू देत नाहीत, कारण त्यांतला जुलूम दुष्ट माणसे करत नाहीत. नीट, नम्र, कायद्याला धरून वागणारी माणसे करतात. आणि बळी पडणारीही स्वच्छ नसते. सू स्वतः दुसरीला गाडायला निघाली होती.

हा सगळा काळ आपलाही होता, हे आपण विसरतो. जॉर्जिना वेल्डन नावाच्या बाईला १८७८ साली नवरा इस्पितळात टाकू पाहत होता. डॉक्टर खोटी नावे सांगून तिच्या अनाथालयाची चौकशी करायला म्हणून घरी आले. ती निसटली, लपली, आणि १८८२ चा कायदा आल्यावर तिने एकेकाला कोर्टात खेचले. दरम्यान तिने नवऱ्याविरुद्ध नांदण्याचा हुकूमनामा मिळवला होता; तो न पाळणाऱ्याला तुरुंग असे. एका सद्गृहस्थावर तुरुंगाची पाळी येताच १८८४ साली पार्लमेंटने ती शिक्षाच काढून टाकली. आणि त्याच १८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजी याने बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईवर, तिने नांदायला यावे म्हणून, दावा लावला. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला. पुढे १८८७ मध्ये मात्र हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. जी शिक्षा इंग्लंडने आपल्या घरातून काढून टाकली, ती आपल्या मुंबईत शिल्लक होती! रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करेन. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढच्या वर्षी त्या लंडनला वैद्यकी शिकायला आल्या. व्हिक्टोरियाच्या लंडनमधली ही आपली मराठी नायिका!

आणि हरिभाऊ आपटे? त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) रेनल्ड्स या इंग्रज लेखकाच्या लंडनच्या अंधाऱ्या कारस्थानांवरून उचललेली. पाचच वर्षांनी त्यांनी 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो!' सुरू केली, आणि लंडनच्या गल्ल्या सोडून ते आपल्या घराच्या माजघरात शिरले. यमूच्या केशवपनाच्या प्रसंगात धुके नाही, मेणबत्ती नाही. घरातली वडीलधारी माणसे आहेत, आणि तीच पुरेशी आहेत. हरिभाऊंना भयाचे घर सापडले ते असे.

लँबेथचे इंपीरियल वॉर म्युझियम आपण सगळ्यांनी पाहुण्यांना दाखवले आहे. रणगाडे आणि विमाने ज्या इमारतीत ठेवली आहेत ती १८१५ पासून १९३० पर्यंत बेथलेम, म्हणजे कुप्रसिद्ध 'बेडलम' वेड्यांचे इस्पितळ होती. तिथून लँट स्ट्रीट पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मागच्या उन्हाळ्यात मी नणंदेच्या मुलांना घेऊन तिथे गेले होते. मुले रणगाड्याभोवती हुंदडत होती आणि मी त्या घुमटाकडे बघत उभी होते. त्या दारातून आत आलेल्यांतल्या किती जणींच्या दाखल्यावरची सही घरच्याच माणसाची असेल?

मग एक गोष्ट आठवली, ती सांगून थांबते. काही वर्षांपूर्वी वडील गेल्यावर मी पंधरा दिवसांसाठी गावी गेले होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी भावाने काही कागद पुढे ठेवले. "ताई, तुला तिकडे काय करायचंय याचं, उगाच दरवेळी तुला यायला नको," असे म्हणाला. वहिनीने चहा आणला. हक्कसोडपत्र होते, सकाळी नोंदणी कचेरीत जाऊन मी सगळ्या पानांवर सह्या केल्या, अंगठा दिला, आणि दुपारच्या गाडीने मुंबईला निघाले. भावाने फसवले असे मी म्हणत नाही. त्याने विचारले असते तरी मी कदाचित तेच केले असते. पण खरी गोष्ट अशी की मी ते वाचले नव्हते. मला वाचता येते. दोन भाषांत येते. वाचायला मागितले तर तो दुखावेल, एवढेच भय मला होते.

माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे हे उत्तर. पुढच्या महिन्याच्या बैठकीला 'फिंगरस्मिथ' वाचून या. आणि घरात कुठे सही करायची राहिली असेल, तर तो कागदही.